शाबासकीचा तक्ता, आवृत्ती शून्य

तीन तारखेला सकाळी रुपाली कानडे यांनी युसूफ अत्तारांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि दार लावून घेतलं. अडतीस वर्षांच्या नोकरीत युसूफभाईंना एवढं कळत होतं की, एचआरच्या बाईंनी चहा मागवला म्हणजे बातमी वाईट असते.

"सर, तुमच्या कामाबद्दल कुणाची काही तक्रार नाही," रुपाली म्हणाल्या. "पण 'हाय-फाइव्ह'वर तुमचा आकडा शून्य आहे."

'हाय-फाइव्ह' हे कंपनीचं नवं ॲप होतं. कंपनी हिंजवडीच्या पलीकडे पितळी व्हॉल्व्ह बनवत असे. जुने मालक होते तोवर कामगारांना दसऱ्याला पेढा आणि चूक झाल्यावर शिव्या, असा सुटसुटीत कारभार होता. मग त्यांचे चिरंजीव दत्तप्रसाद परदेशातून शिकून आले आणि त्यांनी कौतुकाचं युग सुरू केलं. प्रत्येकाने दरमहा वीस जणांना ॲपवरून शाबासकी द्यायची. शब्द तयारच होते, यादीतून निवडायचे: नेल्ड इट, स्मॅश्ड इट, क्रश्ड इट, किल्ड इट आणि नॉक्ड इट आउट ऑफ द पार्क. दत्तप्रसाद स्वतः दिवसाला चार-पाच वाटत. चहा गरम आला तरी 'क्रश्ड इट', पाऊस थांबला तरी 'क्रश्ड इट'.

युसूफभाई मात्र तपासनीस होते. त्यांच्या टेबलावर गेज असे. नग त्यात बसला तर पास, नाही बसला तर परत. बसलेल्या नगाची पाठ थोपटण्याची पद्धत तपासणी खात्यात नव्हती. अगदीच मनासारखा माल आला तर ते "चालेल" म्हणत, आणि ते ऐकलेला कामगार ही गोष्ट घरी सांगत असे.

"तुमची मुदतवाढ एकतीस तारखेला ठरणार आहे," रुपाली म्हणाल्या. "वीस शाबासक्या झाल्या नाहीत तर माझ्या हातात काही उरत नाही, सर. सिस्टिमच फाइल पुढे सरकू देत नाही."

युसूफभाईंनी चहा तसाच ठेवला. ते साठीचे होते, निवृत्तीनंतर दोनदा एकेक वर्षाची वाढ मिळाली होती. पैशांची ददात नव्हती. मुलगी तरन्नुम हिंजवडीतच सॉफ्टवेअरमध्ये होती. पण घरी बसणं त्यांना जमत नसे. मागच्या वर्षी पाय मुरगळला तेव्हा ते पंधरा दिवस घरी होते. त्या पंधरा दिवसांत त्यांनी अख्तरबानूंच्या चपात्यांचा व्यास मोजला होता आणि सोळाव्या दिवशी अख्तरबानूंनी स्वतः त्यांना स्वारगेटला कंपनीच्या बसमध्ये बसवून दिलं होतं, लंगडत.

त्या संध्याकाळी बिबवेवाडीच्या घरी त्यांनी तरन्नुमला समोर बसवलं.

"बेटा, ह्या पाचांत सगळ्यात मोठी शाबासकी कोणती?"

"अब्बा, सगळ्यांचा अर्थ एकच. भारी केलंस."

"अर्थ एकच, तर शब्द पाच कशाला? एका भोकाला पाच गेज लावतं का कोणी?"

"अहो, तसं नसतं ते. जे सुचेल ते टाकायचं. तुम्हीपण टाका डोळे मिटून वीस, विषय संपला."

"डोळे मिटून?" युसूफभाईंनी चष्मा काढला. "अडतीस वर्षं मी डोळे उघडे ठेवायचा पगार घेतो."

अख्तरबानू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मिटा थोडे दिवस. महिनाभराचाच प्रश्न आहे."

पण तपासनिसाचा स्वभाव मरेपर्यंत जात नाही. न समजलेल्या मालाचं काय करायचं हे युसूफभाईंना पक्कं ठाऊक होतं: नमुना काढायचा. त्यांनी तरन्नुमचा फोन मागितला, तिच्या ऑफिसच्या ग्रुपवरचे पन्नास शाबासकीचे मेसेज कागदावर उतरवले आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं. निष्कर्ष स्पष्ट होता. 'नेल्ड इट' एकोणीस वेळा आलं होतं, आणि ते गाडी पार्क करणं, भुवया कोरणं आणि समोसे वेळेवर मागवणं अशा कामांना. म्हणजे ते सर्वांत खालचं. 'नॉक्ड इट आउट ऑफ द पार्क' पन्नासांत एकदाच आलं होतं. एका बाईंनी बाळंतपणाच्या रजेतून उठून अमेरिकेतलं बंद पडलेलं सर्व्हर चालू करून दिलं होतं तेव्हा. म्हणजे ते सर्वांत वरचं. मधली तीन त्यांनी त्याच हिशेबाने लावली.

सकाळपर्यंत तक्ता तयार झाला. श्रेणी एक, नेल्ड इट: काम ड्रॉइंगप्रमाणे. श्रेणी दोन, स्मॅश्ड इट: ड्रॉइंगप्रमाणे आणि वेळेआधी. श्रेणी तीन, क्रश्ड इट: वरील सर्व, शिवाय अडचण असताना. श्रेणी चार, किल्ड इट: वरील सर्व, शिवाय दुसऱ्याची चूक सावरून. श्रेणी पाच, नॉक्ड इट आउट ऑफ द पार्क: कंपनी बुडता बुडता वाचवली. शेवटी टीप होती: 'प्रत्येक शाबासकीस लेखी पुरावा आवश्यक.'

आता हा कागद त्यांनी खिशात ठेवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तपासणी खात्याचा नियम असा की, ज्या मापाने तुम्ही मोजता ते माप टेबलाच्या वर भिंतीवर लागलं पाहिजे, त्यावर सही, तारीख आणि 'नियंत्रित प्रत' हा लाल शिक्का पाहिजे. शिक्का युसूफभाईंच्याच ड्रॉवरमध्ये असे. त्यांनी वर 'आवृत्ती शून्य' लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि तक्ता भिंतीवर लावला. कुणाची खोड काढावी असं त्यांच्या मनातही नव्हतं.

पहिली शाबासकी माणगावच्या बजरंगला गेली. बजरंग वीस वर्षांपासून लेथवर होता. त्याने आटे पाडलेले चारशे नग आले आणि चारशेच्या चारशे गेजमध्ये बसले. युसूफभाईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली, ॲपवर 'नेल्ड इट' दाबलं आणि त्यांना बरं वाटलं. बजरंगलाही वाटलं. युसूफसाहेबांनी इंग्रजीतून शाबासकी दिली म्हणून त्याने लेथ बंद करून चार जणांना मोबाइल दाखवला. मग तो तक्ता बघायला आला आणि त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, ही तर खालनं पयली हाय."

"हो. काम ड्रॉइंगप्रमाणे आहे. पुरावा चारशे नग."

"आन् त्या शुभंकरला मालकांनी पाचवी दिलीया. पार्कातली. त्यानं काय क्येलं? पडद्यावर चित्रं दावली! त्यानं कंपनी कवा वाचवली, मला न्हाई दिसलं ते."

युसूफभाईंनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. "ते माझ्याकडे तपासणीला आलेलं नाही," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ते तपासणीला आलं. शुभंकर हा वर्ध्याहून आलेला तरुण इंजिनिअर, स्वभावाने गरीब. चार लोकांनी टोचून टोचून त्याला टेबलापाशी आणला होता.

"सर, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "दत्तप्रसाद सरांनी दिलं मले. मी काही मागाले गेलो होतो का? आता लोकं जेवू देऊन नाही राह्यले."

"प्रेझेंटेशन दाखवा."

युसूफभाईंनी बावीसच्या बावीस स्लाइड पाहिल्या. सहाव्या स्लाइडवर 'आमचा कारखाना' म्हणून जो फोटो होता, त्यात मागे बर्फाचे डोंगर होते.

"हे कुठलं हिंजवडी?"

"नेटवरून घेतलं, सर. आपल्या शेडचा पत्रा गंजलेला दिसते ना."

"रीवर्क," युसूफभाई म्हणाले. "फोटो बदलून आणलात तर नेल्ड इट देईन."

आश्चर्य म्हणजे शुभंकरने खरोखर शेडसमोर उभं राहून फोटो काढला, गंजलेल्या पत्र्यासकट, आणि नेल्ड इट घेऊन गेला. वर "थँक यू सर, आता पचंल" असंही म्हणाला.

त्या दिवसापासून रांग लागली. पॅकिंगवाले आले, स्टोअरवाले आले, लेखा विभागातल्या सरुबाई आल्या. प्रत्येकाकडे कुणी ना कुणी दिलेली शाबासकी होती आणि शेजारच्याची शाबासकी खोटी आहे अशी खात्री होती. युसूफभाई कुणाची भीड ठेवत नव्हते. स्टोअरच्या 'किल्ड इट'चा पुरावा मागितला तेव्हा असं निघालं की, ती वाढदिवसाचा केक नीट कापल्याबद्दल होती. सरुबाईंच्या 'स्मॅश्ड इट'मागे तर काहीच निघालं नाही. पाठवणाऱ्याला आकडा पुरा करायचा होता. "तरी म्हटलं, हा मेला माझ्याशी धड बोलत नाही आणि कौतुक कसलं करतो!" सरुबाई म्हणाल्या आणि त्या पाठवणाऱ्याशी उरलेलं बोलणंही बंद झालं.

वीस तारखेला रुपालीबाई टेबलापाशी आल्या. आता त्यांनी चहाही मागवला नाही.

"सर, मालकांच्या सोडल्या तर मागच्या महिन्यात कंपनीत बाराशे शाबासक्या झाल्या होत्या. या महिन्यात अठ्ठावन्न. लोक घाबरतात द्यायला. पुरावा कुठून आणायचा म्हणतात."

"मग देऊ नये."

"तुम्हाला वीस द्यायला सांगितल्या होत्या, सर. तुम्ही अकराशे काढून घेतल्यात! आणि तुमच्या स्वतःच्या किती झाल्या?"

"नऊ."

रुपालीबाईंनी डोळ्यांवर हात ठेवला. बाई मनाने चांगल्या होत्या. या माणसाला घरी पाठवायची त्यांना खरंच इच्छा नव्हती. "तो तक्ता काढा आधी. अकरा उरल्यात, मी बसून टाकून घेते तुमच्याकडून."

"नियंत्रित प्रत आहे, मॅडम. मालकांच्या सहीशिवाय काढता येत नाही. नियम दहा वर्षांपूर्वी मीच लिहिलाय."

"मग तुम्हीच मोडा!"

"मी लिहिला म्हणून तर मला मोडता येत नाही."

दत्तप्रसाद तेव्हा जर्मनीला प्रदर्शनात होते. रुपालीबाईंनी त्यांना लांबलचक मेसेज पाठवला: तक्ता, भांडणं, रांग, अठ्ठावन्न, सगळं. दहा सेकंदांत उत्तर आलं, 'क्रश्ड इट, टीम!' मेसेज अर्थातच वाचला नव्हता. ते तक्त्याला मालकांची मंजुरी समजून युसूफभाईंनी त्याची प्रिंट रजिस्टरला जोडली.

दत्तप्रसाद परतले ते एकोणतीस तारखेला सकाळी, विमानतळावरून थेट, कारण त्या दिवशी दर्जाचं ऑडिट होतं. त्यात दर्जाचं प्रमाणपत्र टिकलं तरच जर्मनीची ऑर्डर मिळणार होती. ऑडिटर होत्या शालन पेंडसे. वय त्रेसष्ट, सुती साडी, हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या. कंपनीने काढलेली काजूची बशी त्यांनी 'ऑडिटनंतर' म्हणून बाजूला सारली आणि शेडमध्ये फिरत फिरत त्या युसूफभाईंच्या टेबलापाशी येऊन थांबल्या. भिंतीवरचा तक्ता त्यांनी खालपासून वरपर्यंत वाचला.

"हे काय आहे?"

"काही नाही मॅम, ते असंच, मजेमजेत," दत्तप्रसाद घाईघाईने म्हणाले. त्यांनी तक्ता त्याच क्षणी पहिल्यांदा पाहिला होता.

"सही आहे, तारीख आहे, शिक्का आहे. मजा अशी शिक्का मारून करता का आपण?" पेंडसेबाई म्हणाल्या. "भिंतीवर नियंत्रित प्रत लावलीत की, मला विचारणं भाग आहे. लग्नपत्रिका लावली असतीत तरी वऱ्हाड किती ते विचारलं असतं. नोंदी दाखवा."

युसूफभाईंनी रजिस्टर उघडून समोर ठेवलं. चौदा शाबासक्या होत्या. प्रत्येकीपुढे नाव, श्रेणी, नगांची संख्या, पुराव्याचा क्रमांक. पेंडसेबाईंनी पानं उलटली, तीन नोंदी निवडल्या आणि पुरावे मागितले. तिन्ही निघाले. गंजलेल्या पत्र्याचा फोटोसुद्धा निघाला.

"आणि आपल्या?" त्या दत्तप्रसादांकडे वळल्या. "ॲपवर दिसतंय, या महिन्यात आपण एकशे सोळा दिल्यात. पैकी श्रेणी पाचच्या एकेचाळीस. म्हणजे कंपनी एका महिन्यात एकेचाळीस वेळा बुडता बुडता वाचली?"

शेडमध्ये लेथसुद्धा बंद झाले होते. बजरंग कान टवकारून उभा होता.

"मॅम, ते... एक फीलिंग असतं."

"असेल. त्याची नोंद कुठे आहे?"

नोंद कुठेच नव्हती. पेंडसेबाईंनी संध्याकाळी अहवाल वाचून दाखवला. व्हॉल्व्ह उत्तम, तपासणी उत्तम, प्रमाणपत्र कायम. त्रुटी एक: कंपनीतल्या शाबासक्या कंपनीच्याच मानकाप्रमाणे दिल्या जात नाहीत. पुरावा नसलेल्या सर्व रद्द धराव्यात. यापुढे लेखी पुराव्याशिवाय एकही देऊ नये. एवढं सांगून त्यांनी मोजून दोन काजू घेतले आणि त्या निघून गेल्या.

रद्द धरायच्या म्हटल्यावर रुपालीबाईंनी रात्रीपूर्वीच ॲपमधली बेरीज पुन्हा मांडली आणि त्या हसतच सुटल्या. सगळ्या व्यवस्थापकांच्या मिळून शून्य उरल्या होत्या. साऱ्या कंपनीत वैध शाबासक्या चौदा, आणि चौदाही युसूफ अत्तारांच्या. ज्या माणसाला कौतुक करता येत नाही म्हणून घरी पाठवायचं होतं, तो कंपनीतला सर्वांत कौतुक करणारा माणूस ठरला होता. वीसची अट दत्तप्रसादांनी मुकाट्याने काढून टाकली, कारण ती ठेवली असती तर आधी त्यांनाच घरी जावं लागलं असतं.

एकतीस तारखेला दुपारी चारला रुपालीबाई धावतच पत्र घेऊन आल्या. एक वर्षाची मुदतवाढ. खाली दत्तप्रसादांची झोकदार सही होती आणि एक ओळ: 'युसूफसर, यू नॉक्ड इट आउट ऑफ द पार्क!'

"करा सही, सर. पाचला सिस्टिम बंद होते. आज राहिलं तर राहिलंच."

युसूफभाईंनी पेन काढलं. पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. पेनचं टोपण त्यांनी सावकाश परत लावलं.

"श्रेणी पाच लिहिलीय," ते म्हणाले. "पुराव्याचा रकाना कोरा आहे."

"सर! तुमचंच पत्र आहे हे!"

"म्हणून तर. दुसऱ्याचं असतं तर एक वेळ तुम्ही म्हणाला असतात की, हा खार खातोय." नोकरी हवी होती, मनापासून हवी होती. त्या टेबलावरून उठून जायच्या विचाराने त्यांना तीन आठवडे झोप नव्हती. पण त्या टेबलावरून आजवर कोरा रकाना पुढे गेला नव्हता. त्यांनी ड्रॉवर उघडला, दुसरा लाल शिक्का काढला आणि स्वतःच्या नेमणुकीवर मारला: रीवर्क.

रुपालीबाई पत्र घेऊन पळाल्या. सव्वाचार झाले, साडेचार झाले. आजूबाजूला कुणी काम करत नव्हतं. "आमचा साहेब म्हंजी उंटावरचा शहाणा," बजरंग डोळे पुसत म्हणाला.

केबिनमध्ये दत्तप्रसाद आधी चिडले, मग पेन घेऊन बसले. पुरावा लिहायला घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की, हा माणूस नेमकं काय करतो हे आपल्याला माहीतच नाही. ते खाली उतरले, रेकॉर्डच्या खोलीत गेले आणि परत आलेल्या मालाच्या नोंदींचे जुने गठ्ठे काढून बसले. अर्धा तास ते वाचत होते. पाचला सात मिनिटं कमी असताना ते स्वतः टेबलापाशी आले. हाताला धूळ लागली होती.

पत्र नव्याने टाइप केलं होतं. पुराव्याच्या रकान्यात एकच ओळ होती: 'सोळा वर्षांत यांनी पास केलेला एकही व्हॉल्व्ह ग्राहकाकडून परत आलेला नाही. नोंदी जोडल्या आहेत.'

"सोळाच वर्षांच्या सापडल्या," दत्तप्रसाद म्हणाले. "त्याआधीच्या वाळवीने खाल्ल्या. श्रेणी मात्र मला लावता येईना, सर. कंपनी तुम्ही वाचवली असणार, पण तसा कागद सापडला नाही. तीन लिहू?"

"नको साहेब. अडचण कसली होती? काम ड्रॉइंगप्रमाणे झालं, एवढंच दिसतंय."

दत्तप्रसादांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'नेल्ड इट'. युसूफभाईंनी सही केली. रुपालीबाईंनी चार मिनिटं शिल्लक असताना फाइल पुढे सरकवली, आणि युसूफभाई उगीचच गेज पुसत बसले.

संध्याकाळी ते स्वारगेटला उतरले, एक किलो पेढे घेतले आणि बिबवेवाडीपर्यंत चालत गेले. दार उघडल्या उघडल्या अख्तरबानूंनी आधी हातातलं पत्र पाहिलं. मुदतवाढ दिसल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडून अल्लाचे आभार मानले, इतके मोठ्याने की युसूफभाईंना थोडं लागलंच.

तरन्नुमने पत्र पूर्ण वाचलं. "अब्बा, तुम्हाला नेल्ड इट दिलंय? हे तर तुमच्या तक्त्यात सगळ्यात खालचं ना?"

"हो."

"आम्ही हे समोशांना देतो! मग एवढे पेढे कशाला?"

युसूफभाईंनी पत्र तिच्या हातातून काळजीपूर्वक परत घेतलं, घडीवर घडी ठेवून मिटलं आणि वरच्या खिशात ठेवलं.

"वाच नीट," ते म्हणाले. "पुराव्यासकट आहे."